अरोरा लडाखला, आणि ठिपका सरकतो रेवदंड्यात!

आज जाऊया रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी. समजा, रात्र झालीये, बोट मासे घेऊन परत येतेय. पलीकडे कोर्लईचा डोंगर, आणि तांडेल वाट बघतोय मोबाइलवर. स्क्रीनवरचा ठिपका वीस मीटर चुकला तर? रस्त्यावर फार बिघडत नाही. इथे मात्र बोट वाळूत रुतू शकते.

आता यात सूर्य कुठून आला? बघा, जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवरून सतत वेळ सांगत असतात. संदेश पोचायला किती वेळ लागला, त्यावरून फोन अंतर काढतो. वेळेत सेकंदाच्या अब्जाव्या भागाची चूक झाली, की अंतर ३० सेंटीमीटरने चुकतं. वाटेत लागतं आयनांबर, म्हणजे विद्युतभारित कणांचा थर. तिथे संदेश रेंगाळतो. फोन त्याचा सरासरी अंदाज धरून हिशेब दुरुस्त करतो. सौर वादळ आलं की हा थर खवळतो आणि अंदाज फसतो.

मग अरोराचं काय? तो रंगीत प्रकाश जीपीएस बिघडवत नाही. ज्या वादळामुळे तो दिसतो, तेच वादळ आयनांबर ढवळतं. मे २०२४ च्या वादळात लडाखमधल्या हानलेहून लाल अरोरा दिसला. तेव्हाच अमेरिकेत जीपीएसवर चालणाऱ्या ट्रॅक्टरांची पेरणी अडली.

आपल्याकडे अजून एक भानगड आहे. चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतावरून जातं. त्यामुळे सूर्य मावळल्यावर आयनांबरात विरळ बुडबुडे तयार होतात आणि संदेश लुकलुकतो, कधी तुटतोही. त्याला मोठं वादळच लागतं असं नाही. सूर्य जास्त सक्रिय असलेल्या वर्षांत, मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास हे जास्त होतं. म्हणजे पावसाळी बंदी उठून बोटी जोरात असतात, नेमकी तीच वेळ!

या वादळांची नोंद होते कुठे? रेवदंड्याच्या शेजारी, अलिबागला. १८५९ चं प्रचंड सौर वादळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेनं टिपलं होतं. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय मोजमापात गडबड होणार होती. म्हणून हे काम अलिबागला हललं. तिथे १९०४ पासून नोंदी चालू आहेत.

मग करायचं काय? दोन फ्रिक्वेन्सी वापरणारा फोन थरातल्या विलंबाचा हिशेब बराच नीट करतो. पण संदेशच तुटला, तर तोही हतबल. म्हणून रात्री खाडीत शिरताना ठिपका बघाच, पण कोर्लईचं दीपगृह आणि भरती-ओहोटीचं गणितही सोडू नका. आजोबांच्या काळातल्या या खुणांना सौर वादळ बाधत नाही.

भेटूया पुढच्या भागात!