समुद्रातलं गाजरगवत

(शिरड शहापूर येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

शिरड शहापूरहून समुद्र खूप लांब. तरी आपल्या भागातली हळद पावडर, सुती धागा न्हावा शेव्याला जहाजात चढला की समुद्राशी आपला व्यवहार सुरू होतो. निर्यात म्हटलं की बाहेर किती गेलं ते आपण मोजतो. त्या बदल्यात आत काय येतं, ते आज बघू.

हौदात रिकामी कळशी सोडा, ती कलंडते. तळाला थोडं पाणी असलं की सरळ राहते. जहाजाचंही तसंच. माल नसला की ते वर उचललं जातं, तोल जातो. म्हणून निघतानाच तिथल्या समुद्राचं पाणी टाक्यांत भरून घेतात. याला बॅलास्ट पाणी म्हणतात. इकडे माल चढला की ते ओतून देतात. कंटेनरची जहाजं सहसा दोन्हीकडून भरलेली असतात, तिथे हे कमी. पण पोलाद, सिमेंट, खनिज न्यायला रिकामं आलेलं जहाज परका समुद्रच बंदरात ओततं.

त्या पाण्यात शेवाळ, जंतू, शिंपल्यांची पिल्लं असतात. गाजरगवत परदेशी गव्हाबरोबर आलं असं मानतात ना? हे समुद्रातलं गाजरगवत. मध्य अमेरिकेकडचा काळ्या पट्ट्यांचा शिंपला जहाजांबरोबर विशाखापट्टणमला आला, पुढे मुंबई बंदरातही सापडला. तो धक्क्यांना, जहाजांच्या बुडाला, पाण्याच्या नळांना थरावर थर चिकटतो. काळ्या समुद्रात १९८० च्या दशकात अमेरिकेकडची एक जेली अशीच पोचली. माशांची अंडी आणि त्यांचं खाद्य तिनं फस्त केलं. मासेमारी आधीच बेसुमार होती, त्यात हे. छोट्या माशांचं उत्पादन कोसळलं, कोळ्यांचं पोट गेलं.

मग निर्यात थांबवायची का? नाही. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, ८ सप्टेंबर २०१७ पासून तो लागू आहे. आधी नियम होता की शक्यतो किनाऱ्यापासून २०० सागरी मैल दूर, खोल पाण्यात टाक्या बदला. आता जहाजावरच पाणी गाळून, अतिनील किरण किंवा क्लोरीननं शुद्ध करायचं. याची पूर्वतयारी म्हणून २००० साली जगातली सहा बंदरं निवडली होती, त्यात मुंबई होतं.

या यंत्रणेला खर्च येतो, तो भाड्यात धरावाच लागेल. गाजरगवत उपटायला दरसाल किती मजुरी जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि समुद्रात तर खुरपंही चालत नाही.