वाचलेल्या पुस्तकांची वही कोणाच्या हाती?

गटाची पंचसूत्री तुम्हाला तोंडपाठ आहे. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि पाचवी म्हणजे अद्ययावत नोंदी. वही गटाची असते आणि ती गटाकडेच राहते. बाहेरचा कोणी म्हणाला, "वही माझ्याकडे ठेवा, फुकट सांभाळतो," तर आपण देऊ का? आज हाच प्रश्न वाचनाबद्दल विचारायचा आहे. आपण वाचलेल्या पुस्तकांची नोंद कुठे ठेवावी?

नोंद मुळात कशाला, असं कोणी म्हणेल. ग्रंथालयातून पुस्तक आणतो, तेवढ्यात धानाची रोवणी लागते, पुस्तक अर्ध्यावर राहतं आणि परत जातं. दिवाळीत आठवायला जावं तर नावही आठवत नाही. दुसरं कारण गावाच्या कामाचं आहे. आपल्याकडे १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि अनुदान वर्गाप्रमाणे मिळतं. त्या पैशातून कोणती पुस्तकं घ्यावीत हे सुचवायला गेलो, तर "आम्हा बाराजणींनी वर्षभरात हे वाचलं, आता हे हवं" अशी यादी हातात असावी. नुसत्या तोंडी मागणीपेक्षा तिला वजन येतं.

आता मोबाइलकडे येऊ. वाचनाची नोंद ठेवण्याची सगळ्यांत प्रसिद्ध जागा गुडरीड्स. ती २००७ साली अमेरिकेत सुरू झाली. लाखो वाचकांनी तिथे आपली यादी आणि आपली मतं फुकट लिहिली. २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉन कंपनीने गुडरीड्स विकत घेतली. मेहनत वाचकांची आणि सौदा दोन कंपन्यांचा! गुडरीड्सवरून आपली यादी उतरवून घेता येते, हे मात्र खरं. पण पुढे नियम काय असावेत, हे ठरवणं कंपनीच्या हाती.

याला पर्याय आहेत. मला सगळ्यांत सोपा वाटतो तो ओपन लायब्ररी. पत्ता असा: ओपनलायब्ररी डॉट ओआरजी. इंटरनेट आर्काइव्ह नावाची, नफा न कमावणारी संस्था तो चालवते. तिथे खातं उघडायला पैसे लागत नाहीत. प्रत्येक पुस्तकापुढे असे कप्पे असतात: वाचायचं आहे, वाचते आहे, वाचून झालं. पडद्यावरच्या सूचना इंग्रजीत दिसतील, म्हणून पहिल्यांदा कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सोबत बसवा. पुस्तकाचं नाव मात्र मराठीत लिहिता येतं.

मला ही जागा आवडते ती आणखी एका गोष्टीसाठी. यादीत पुस्तक नसेल तर आपण स्वतः ते घालू शकतो. झाडीबोलीतली कितीतरी पुस्तकं लहान प्रकाशकांनी काढलेली असतात. ती मोठ्या कंपन्यांच्या यादीत सापडतीलच असं नाही. नव्या पुस्तकाच्या मागे ९७८ ने सुरू होणारा तेरा आकडी क्रमांक असतो, त्याला आयएसबीएन म्हणतात. तो टाकला की शोधणं सोपं जातं. जुन्या पुस्तकावर तो नसतो, तेव्हा नाव, लेखक, प्रकाशक आणि साल पुरे. एकदा नोंद केली की ती जगात कोणालाही दिसते. आणि ही सगळी यादी कोणालाही उतरवून घेता येते, कोणी ती कुलूपबंद करून बसलेलं नाही.

दुसरा पर्याय बुकवर्म. इंग्रजीत लिहिताना वर्ममधल्या 'ओ'च्या जागी 'वाय' लिहितात, नाहीतर भलतंच काही उघडतं. त्याचा एक मालक नाही. गटांचं ग्रामसंघाशी असतं तसं समजा. प्रत्येक केंद्र स्वतंत्र चालतं, तरी एका केंद्रावरची बाई दुसऱ्या केंद्रावरच्या बाईचं मत वाचू शकते. जाहिराती नाहीत. मात्र केंद्र चालवायला जाणकार माणूस लागतो, म्हणून सुरुवातीला चालू असलेल्या केंद्रात खातं काढलेलं बरं. तिसरं नाव स्टोरीग्राफ. ते नादिया ओदुनायो या तरुणीने उभं केलं. अ‍ॅमेझॉनपासून ते स्वतंत्र आहे, पण त्याची आतली रचना सगळ्यांसाठी खुली नाही. स्वतंत्र आणि खुलं हे दोन वेगळे गुण आहेत, एवढं लक्षात ठेवा.

खुलं म्हणजे धोका नाही, असं मात्र समजू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट आर्काइव्हवर सायबर हल्ला झाला. कोट्यवधी खात्यांची माहिती चोरीला गेली आणि काही दिवस त्यांच्या सेवा बंद होत्या. म्हणून दर तीन महिन्यांनी आपली यादी फोनमध्ये उतरवून घ्यावी. बँकेचा पासवर्ड तिथे कधीही वापरू नये.

घरात एकच फोन असेल तर आणखी एक गोष्ट. कोणती बाई काय वाचते, हा तिचा खाजगी मामला आहे. कायद्याचं, आरोग्याचं, नवराबायकोच्या संबंधांवरचं पुस्तक कोणाला दिसावं हे तिने ठरवावं. खातं उघडताच सेटिंगमध्ये यादी सर्वांना दिसते की फक्त आपल्याला, हे बघून घ्या आणि काम झालं की लॉगआउट करा.

ज्यांच्या गावात रेंजच नाही त्यांनी दोनशे पानी वही घ्यावी. तारीख, पुस्तक, लेखक, कुठून आणलं, किती वाचलं आणि एक ओळ मताची. पुढे फोन आला की हीच वही समोर ठेवून ओपन लायब्ररीत एकेक नाव चढवता येईल.