ठिपक्यांमधलं सोयाबीनचं पान

गेल्या वर्षी आमच्या बचत गटांनी एका प्रदर्शनात कापडी पिशव्या मांडल्या. शिवण पक्की होती, पण नक्षी म्हणजे मोबाइलवरून उतरवलेला मोर. शेजारच्या स्टॉलवरही तोच मोर! एका गिऱ्हाईक बाईंनी विचारलं, "यात तुमचं काय?" आम्हाला उत्तर देता आलं नाही.

उत्तर अंगणातच होतं. सात ते चार ठिपक्यांची रांगोळी आठवा. मधल्या ओळीत ७ ठिपके, मग वर आणि खाली ६, ५, ४. एकूण ३७. प्रत्येक ओळीतला ठिपका शेजारच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध येतो. मधल्या ठिपक्यापासून सहा कोपऱ्यांपर्यंत सहा निमुळत्या पाकळ्या काढल्या की कमळ तयार. तळ्यातलं कमळ असं मोजून उमलत नाही. फूल निसर्गाचं, माप आपलं.

मोठे चित्रकारही हीच वाट धरतात. सय्यद हैदर रझा नागपूरला आणि मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकले. त्यांच्या नंतरच्या चित्रांत झाड किंवा डोंगर हुबेहूब दिसत नाही; बिंदू, त्रिकोण आणि रंग यांतून निसर्ग जाणवतो. याला अमूर्त चित्र म्हणतात. २०११ साली पद्मश्री मिळालेले जिव्या सोमा म्हसे यांच्या वारली चित्रांत माणूस ओळखू येतो, पण त्याचं धड म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण.

आता आपली नक्षी. कमळाच्या दर दोन पाकळ्यांमध्ये ३ ठिपके उरतात, तेही त्रिकोणात. लातूर-नांदेडच्या शेतांत सोयाबीनच्या एका देठावर तीनच पानं असतात. ती आम्ही तिथे बसवली. शिरा गाळल्या, कडा सरळ केल्या, फक्त आकार ठेवला. काय गाळायचं हे ठरवणं, हीच खरी कला.

कापडावर आधी खडूने एकेक इंचावर ठिपके द्या, मगच सुई घ्या. शेवग्याचं पान, तुरीची शेंग, करडईचं बोंड, जे तुमच्या बांधावर असेल ते घ्या. आणि नक्षी जुळवायला लागलेला वेळ किमतीत धरायला विसरू नका. तीही मजुरीच आहे.

पुन्हा कुणी विचारलं, "यात तुमचं काय?" तर सांगू, शेत आमचं आणि मोजणीही आमची.