गोधडीच्या पट्टीवर काय लिहावे?

रत्नागिरीतल्या जुन्या घरांत माळ्यावर तांब्यापितळेची भांडी असतील, तर त्यांच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले नाव हमखास सापडते. कुणाच्या मुंजीत, कुणाच्या लग्नात, कुणाकडून ‘सप्रेम भेट’, आणि बरेचदा तारीखही. पंगतीसाठी भांडी उसनी जात, ती ओळखू येऊन परत यावीत ही सोय होतीच. शिवाय आहेर कुणाचा हेही नोंदले जाई. त्याच घरांतून, त्याच समारंभांत दिलेल्या गोधड्यांवर आणि बाळाच्या दुपट्यांवर मात्र एक अक्षर नसते. भांड्यावर नाव असे ते देणाऱ्याचे, बहुधा घरातल्या कर्त्या पुरुषाचे. घडवणाऱ्या तांबटाचे नव्हे. गोधडीत देणारी आणि घडवणारी एकच बाई असे, आणि तरीही तिचे नाव कुठेच नाही. जुन्या लुगड्यांची म्हणून गोधडीला बाजारात किंमत नव्हती, आणि बाईच्या दुपारच्या कामाचा हिशेब घरात कुणी धरत नसे. नाव न घालण्यामागे या दोन्ही गोष्टी होत्या, असे मला वाटते.

आता गोधडी मुद्दाम शिवून भेट देण्याची वस्तू झाली आहे. ती नातवंडांसाठी पुण्यामुंबईला जाते, परदेशातही जाते, आणि तिच्या कोपऱ्यात नावाची पट्टी लावावी असे अनेकींना वाटू लागले आहे. पट्टी हातात घेतली की लिहायचे काय, इथे अडते. मग ‘आजीकडून खूप प्रेमाने’ एवढे लिहून काम उरकले जाते. माझे म्हणणे असे की, पट्टीवर सगळ्यांत कमी गरज आहे ती याच तीन शब्दांची. कुणीतरी मायेने शिवले आहे हे हजारो टाके पाहताच कळते. गोधडी पाहून जे कधीच कळणार नाही ते पट्टीवर यावे: शिवणारीचे पूर्ण नाव, गाव, साल आणि आतले कापड कुणाचे. शुभेच्छा, आशीर्वाद त्यानंतर, जागा उरली तर.

शिवणारीचे नाव पहिले का, याचे उत्तर बंगालच्या कांथांमध्ये मिळते. जुन्या साड्याधोतरांचे थर धावदोऱ्याने शिवायचे ही त्यांची रीत आपल्या गोधडीच्याच नात्यातली. एकोणिसाव्या शतकातल्या उत्तमोत्तम कांथा संग्रहालयांत आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकींपुढे ‘कर्ती अज्ञात’ असेच लिहावे लागते. कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयातल्या एका कांथेवर मात्र मानदासुंदरी या बाईने आपण ती वडिलांसाठी केल्याचे दोऱ्यानेच भरून ठेवले आहे. तेवढ्या अक्षरांमुळे आज तिच्याविषयी नावानिशी बोलता येते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात १८३७ साली गुलामगिरीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स यांनी बायबलमधल्या प्रसंगांची एक गोधडी शिवली. १८८६ च्या एका जत्रेत ती पाहिलेल्या जेनी स्मिथ या चित्रकलेच्या शिक्षिकेने पुढे ती पाच डॉलरला विकत घेतली, पण घेताना प्रत्येक चौकोनात काय आहे ते शिवणारीला विचारून लिहून ठेवले. आज ती गोधडी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहे आणि ते टिपण नसते, तर तिच्यातले निम्मे आपल्याला कळले नसते. आपल्याकडे हेमा राइरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या पुढाकाराने खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या. ओवी पिढीजात, तिची मूळ कर्ती कोण ते ठाऊक नाही. तरी गाणारीचे नाव आणि गाव त्या संग्रहात नोंदले गेले. जे गळ्याच्या कामाला लागू झाले, ते हाताच्या कामाला का होऊ नये?

नाव लिहायचे ठरले तरी कोणते, हा प्रश्न मराठी घरात सोपा नाही. लग्नात मुलीचे आडनावच नव्हे, तर तांदळात नवे नाव लिहून पाळण्यातले नावही बदलण्याची आपली रीत. त्यात घरात कुणी तिला माई म्हणते, कुणी अक्का, कुणी काकू. दापोलीजवळच्या मुरूडचे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नीचेच पाहा. माहेरची गोदूबाई जोशी, पहिल्या लग्नानंतर नातू, १८९३ मध्ये कर्व्यांशी पुनर्विवाह झाल्यावर आनंदीबाई कर्वे आणि सगळ्यांसाठी बाया. समजा, तीन गोधड्यांवर गोदू, आनंदीबाई आणि बाया अशी तीन नावे असती, तर त्या एकाच हाताच्या हे शंभर वर्षांनी कुणाला कळले असते? म्हणून ‘आजी’ जरूर लिहावे, कारण गोधडी ज्याला मिळाली त्याचे नाते त्या शब्दाशी आहे. पण सोबत सासरचे पूर्ण नाव आणि माहेरचे नावही लिहावे. प्रत्येक आजी पुढच्या पिढीत नुसती ‘कुणाची तरी आजी’ होते.

गाव आणि साल यांचेही असेच आहे. दोन्ही एकत्र नसतील तर एकाचा उपयोग अर्धा होतो. मालवण, कुडाळ, सावंतवाडी हे तालुके १ मे १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होते, त्या दिवशी सिंधुदुर्ग वेगळा झाला. त्यामुळे ‘जि. रत्नागिरी’ एवढेच वाचून आजचा वाचक दापोली समजेल की मालवण, ते सालावाचून सांगता येत नाही. शके लिहायची हौस असेल तर जरूर लिहावे, पण ‘शके’ हा शब्द आकड्याआधी घालावा. दोन गणनांत ७८ वर्षांचे अंतर आहे, आणि नुसता आकडा पाहून कुणी तीन पिढ्या मागे जायला नको.

कापडाची हकीकत हा पट्टीचा सर्वांत मोलाचा भाग, आणि नेमका तोच वगळला जातो. मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या राबली. गिरणीचे कापड चाकरमान्यांच्या ट्रंकेतून गावी यायचे, अंगावर झिजायचे, मग गोधडीच्या थरात जायचे आणि ती गोधडी पुन्हा मुंबईच्या खोलीत अंथरली जायची. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर बहुतेक गिरण्या गेल्या. आता ते कापड ओळखणारी माणसेही वयाला आली आहेत. ‘वरचा थर आईचे हिरवे नऊवारी, आत वडिलांची दोन धोतरे’ एवढी एक ओळ पुढच्यांसाठी घराचा इतिहास आहे. यावर कुणी म्हणेल, गेलेल्या माणसाच्या कपड्याचा उल्लेख लहान मुलाच्या दुपट्यावर कशाला? ही भावना खरी आहे आणि ती मोडू नये. जिथे घरच्यांना ते खटकेल तिथे ‘घरातल्या जुन्या साड्या’ म्हणावे. पण खटकणार नसेल तर नाव टाळू नये; नवजात बाळाला जुन्या मऊ कापडात घ्यायचे, ही आपली जुनीच पद्धत आहे.

सगळ्यांत जड आक्षेप निराळा आहे: भेटीवर स्वतःचे नाव मिरवू नये, आपल्या बायकांनी ते कधी मिरवले नाही, त्यातच मोठेपण आहे. नाव न मिरवणे आणि नाव न उरणे यांत मात्र फरक आहे. अहंकार सोडायला सांगणाऱ्या आपल्या संतांनी अभंगाच्या शेवटी नाममुद्रा ठेवली. ‘तुका म्हणे’ यात कुणाला मिरवणे दिसत नाही; आणि जनाबाईंनी स्वतःला दासी म्हणवतानाही नाव लिहिलेच, म्हणून त्यांची रचना आज त्यांची म्हणून ओळखता येते. दुसरा आक्षेप असा की टाका हीच खूण, अक्षरे कशाला? उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी समाजाच्या बायका आपल्या कवंदीच्या, म्हणजे गोधडीच्या, कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या चिंध्यांची ‘फुले’ लावतात. त्यांवाचून कवंदी पुरी झाली असे त्या मानत नाहीत. अशी खूण सुंदर असते, पण ती ओळखणारे डोळे असेपर्यंतच बोलते. आणि गोधडी चौघींनी मिळून शिवली असेल, तर चौघींची नावे घालावीत. आठवडाभरात संपणाऱ्या हापूसच्या पेटीवर आपण गाव आणि बागायतदार लिहितो. पंचवीसतीस वर्षे टिकणाऱ्या गोधडीवर चार नावांना जागा जड नाही.

लिहायचे कशाने, हेही महत्त्वाचे. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या रत्नागिरीत कागदी चिठ्ठी टाचून ठेवली तर तिला बुरशी आणि कसर दोन्ही लागणार. पूर्वी परीट कपड्यांवर खुणेसाठी बिब्ब्याचा रस वापरत. तो धुऊन जात नाही, पण अंगावर उततो. काजूच्या टरफलाचे तेल जसे पोळते तसेच हे, दोन्ही झाडे एकाच कुळातली. बाळाच्या अंथरुणात त्याला जागा नाही. शाईचाही भरवसा नाही: १८४० च्या सुमारास अमेरिकेत नावे लिहिलेल्या गोधड्यांची टूम आली, त्यांतल्या काहींत शाईतल्या लोहाने कापडच खाल्ले आणि अक्षरांच्या जागी भोके उरली. सुती पट्टीवर पेन्सिलीने लिहून, पक्क्या रंगाच्या दोऱ्याने उलटी टीप किंवा साखळी टाका घालून अक्षरे भरणे सर्वांत टिकाऊ. तेवढा वेळ नसेल तर कापडासाठीचे न पसरणारे पेन चालेल, मात्र आधी चिंधीवर लिहून, धुऊन पाहावे. पट्टी पायाकडच्या कोपऱ्यात, आतल्या बाजूने, चारही कडा शिवून बसवावी. गरम पाणी चालेल की नाही तेही एका शब्दात लिहावे. भेट घेणारा बिचारा ते विचारायला संकोचतो.

नव्या गोधड्यांइतकीच घाई जुन्यांची आहे. घरात एखादी वाकळ किंवा गोधडी असेल आणि ती शिवणारी अजून सांगू शकत असेल, तर या दिवाळीत तिच्याजवळ बसा. कापड कुणाचे, साल कोणते, सोबत कोण शिवायला होते ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या. तिला लिहिता येत नसेल तरी तिच्या वाक्यांना आपली सजावट करू नका. मग पट्टी शिवा, आणि त्यावर ‘सांगितल्यावरून’ असे लिहून यंदाचे साल वेगळे घाला.