पूर्वजाचा माग : रुमालांतील कागद काय सांगतात

कोल्हापुरांतील कित्येक जुन्या घरांत, माळ्यावर अथवा देवघराच्या फडताळांत, रुमालांत बांधलेले मोडी कागद अजून सांपडतात. ते घरांत कोणास वाचतां येत नाहींत. म्हणून पुनः बांधले जातात, आणि घर पाडावयाची वेळ आली म्हणजे रद्दींत जातात. त्यांबरोबर एखाद्या पूर्वजाच्या आयुष्याचा अखेरचा पुरावाही जातो. तो पुरावा वाचावा कसा?

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. इंग्लंडांत १५३८ सालीं प्रत्येक चर्चनें बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची वही ठेवावी, असा हुकूम झाला. त्यामुळें तेथें सामान्य माणसाचाही माग काढतां येतो. आपल्याकडे तशी वही नव्हती. येथें कागद होई तो हक्काच्या निमित्तानें : वतन मिळालें, वांटणी झाली, कर्ज काढलें, दत्तक घेतला किंवा तंटा लागला म्हणजे. याचा परिणाम असा कीं, ज्याचें सर्व सुरळीत चाललें त्याचा मागमूस बहुधा राहत नाहीं, आणि जो भांडला तो कागदांत जिवंत राहतो.

म्हणून कोणताही कागद हातीं आला कीं, तो कोणीं व कशासाठीं लिहविला, हें आधीं पाहावें. महजरांत वादी-प्रतिवादींचें म्हणणें व साक्षीदारांचीं नांवें असतात. पूर्वजाचा आवाज ऐकूं येतो तो तेथें. वांटणीपत्रावरून घरची खरी सांपत्तिक स्थिति कळते. वंशावळ मात्र सावधपणें घ्यावी. वतनाचा वारसा सिद्ध करण्यासाठीं ती रचलेली असली, तर तींत निपुत्रिक भाऊ नाहींसे होतात आणि लेकी-सुनांना जागाच नसते. घरांतील स्त्रियांचा शोध दत्तपत्रांत, अन्नवस्त्राच्या कलमांत व लग्नाच्या जमाखर्चांत घ्यावा लागतो.

दुसरी अडचण कालाची. कागदावर पुष्कळदां ‘इहिदे सबैन मया व अलफ’ अशा अरबी अंकशब्दांत सुहूर सन असतो. इहिदे म्हणजे एक, सबैन सत्तर, मया शंभर व अलफ हजार, मिळून ११७१. हा सन मृग नक्षत्राच्या प्रारंभीं बदले. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ व पुढील महिन्यांस ६०० मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. येथें तो १७७०-७१ होय. शालिवाहन शकांत ७८ किंवा ७९ मिळवावे लागतात, आणि राज्याभिषेक शक तर १६७४ पासूनचा. एक सन दुसऱ्याचा समजला कीं मुलगा बापाआधीं जन्मतो! त्यांतच आजोबांचें नांव नातवास ठेवण्याची चाल. साल नीट लावलें नाहीं, तर दोन माणसांचा एक माणूस होतो.

आडनांवाचा भरंवसा किती धरावा, याचें उदाहरण कोल्हापूरच्या शेजारींच आहे. इचलकरंजीच्या जहागीरदारांचें आडनांव घोरपडे. तेवढ्यावरून माग काढणारा मराठा घोरपड्यांच्या शाखांत शिरेल आणि वाट चुकेल. कारण या घराण्याचा मूळ पुरुष नारो महादेव हा कोंकणांतील म्हापणचा जोशी. तो संताजी घोरपड्यांच्या आश्रयानें पुढें आला, व कृतज्ञतेनें त्यानें धन्याचेंच आडनांव लाविलें. त्याचा मुलगा व्यंकटराव यास बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची कन्या अनूबाई दिली होती. मिरजेच्या हायस्कुलांतील शिक्षक वासुदेवशास्त्री खरे यांनीं या घराण्याचा इतिहास १९१३ सालीं प्रसिद्ध केला. त्यापूर्वीं, १८९७ पासून, शास्त्रीबोवा पटवर्धन सरदारांचीं पत्रें ‘ऐतिहासिक लेखसंग्रहां’त छापीत आले होते. आणि या पटवर्धनांचे मूळ पुरुष हरभट, हे तर इचलकरंजीकरांचे उपाध्ये! तात्पर्य, एका घरचा पूर्वज दुसऱ्या घरच्या दप्तरांत भेटतो. आपल्या घरीं कागद नसले, तर धनी, सावकार, उपाध्ये यांच्या घरीं चौकशी करावी.

त्यानंतर सरकारी दप्तर. करवीर संस्थान १ मार्च १९४९ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. त्याचें दप्तर आज कोल्हापूरच्या पुरालेखागारांत आहे. पेशव्यांचें दप्तर पुण्यास आहे. घराण्याचा माग एकाएकीं तुटला, तर त्या सुमारास संस्थानांत काय घडलें तें पाहावें. १८४४ सालीं सामानगड, पन्हाळा येथील गडकऱ्यांनीं उठाव केला. तो मोडल्यावर गडांवरची जुनी व्यवस्था पालटली. १९१८ सालीं शाहू छत्रपतींनीं कुलकर्णी वतन बंद करून तलाठी नेमले. तोंवर गांवचे कागद कुलकर्ण्याच्या हातीं असत. म्हणून त्यापूर्वींचा शोध चावडीवर थांबवूं नये, जुन्या कुलकर्ण्याच्या घरींही करावा.

राहिल्या तीर्थोपाध्यांच्या वह्या. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गया येथें यात्रेस गेलेला पुरुष आपलें नांव, गांव व बापआजांचीं नांवें नोंदवून येई. ज्याच्या नांवें वतन नव्हतें, ज्यानें कधीं तंटा केला नाहीं, अशा माणसाची नोंद कदाचित् एवढीच असेल.

असा शोध करतांना थोरवीच हातीं लागेल, अशी अपेक्षा नसावी. बहुधा भेटतो तो कर्जानें गांजलेला किंवा भावाशीं बांधावरून भांडणारा गृहस्थ. तोही आपलाच. त्यास लपविण्यासाठीं एखादा कागद वगळला, तर बाकीच्या कागदांचाही अर्थ बिघडतो. मोडी जाणणारी माणसें आतां थोडीं उरलीं आहेत. तीं आहेत तोंवर घरचे कागद वाचवून घेऊन बाळबोधींत नक्कल करावी, मूळ कागद ज्या क्रमानें निघाले त्याच क्रमानें ठेवावे, आणि घरांतील सर्वांत वडील माणसास जें आठवतें तें आजच लिहून घ्यावें. कागद पुढच्या पिढीस एखादे वेळीं सांपडेलही. वडिलांची आठवण मात्र सांपडणार नाहीं.