ब्रेकचे तेल कुठे गळते?

भरलेला मालट्रक घाट उतरू लागला, की सगळा भार गाडीला खाली रेटतो. त्याला आवरतो ब्रेक. पुष्कळ गाड्यांत ब्रेकची ताकद तेलावर चालते. अगदी अवजड गाड्यांना बहुधा हवेचे ब्रेक असतात. त्यांची गोष्ट निराळी. आज तेलाच्या ब्रेकचे पाहू.

पेडल दाबले, की मास्टर सिलिंडरमधले तेल दाबले जाते. तेल आकसत नाही. म्हणून दाब नळीतून थेट चाकापर्यंत पोचतो. हवा मात्र आकसते. तेल गळून नळीत हवा शिरली, की पेडल स्पंजासारखे मऊ लागते. ब्रेक नीट लागत नाही.

गळती शोधायची कशी? गाडी सपाट जागी लावा. चाकांना पुढून-मागून दगड लावा. मगच खाली शिरा. आधी डबीतले तेल बघा. लायनर झिजले तर तेल थोडे उतरते. पण वरचेवर उतरत असेल, तर गळती आहे असे समजा. नळ्या, सांधे, रबरी होज आणि चाकाची आतली बाजू तपासा. चाकापाशी दाट, उग्र वासाचे तेल दिसले, तर ते आसाचे गिअर ऑइल असते. पातळ असेल, तर ब्रेकचे. बाहेर थेंब नाही, पण दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जाते? मग मास्टर सिलिंडरच्या आतले रबर गेले म्हणायचे.

सैल सांधा पान्याने आवळावा. फुटलेली नळी बदलावी. चिंधी बांधून भागत नाही. सिलिंडरला आतून चरे पडले असतील, तर तो नवा घालावा. तेलाने भिजलेले लायनर एकाच आसाच्या दोन्ही चाकांचे बदलावेत. नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

शेवटी हवा काढायची. एकाने पेडल दाबून धरावे. दुसऱ्याने चाकाजवळचे निपल सैल करावे, बुडबुडे जाऊ द्यावेत, आणि निपल आवळल्यावरच पेडल सोडायला सांगावे. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करावे. डबी रिकामी होऊ देऊ नये.

डबीत इंजिनचे तेल कधीही ओतू नका. त्याने रबर फुगते. झाकणावर ‘डॉट ३’ किंवा ‘डॉट ४’ असे लिहिलेले असते. आता आपल्याला वाचता येते. तेव्हा वाचूनच तेल घ्या.

गळती असताना गाडी रस्त्यावर काढू नये. मालक घाई करील. पण भाडे उद्याही मिळेल; गेलेला माणूस मिळत नाही.