माती-नमुन्यांसाठी छापील नामचिठ्ठ्या

निलंगा तालुक्यात रब्बीची काढणी आटोपली, की माती-परीक्षणासाठी नमुने घेण्यास योग्य काळ येतो. नमुना काळजीपूर्वक घेतला, परंतु पिशवीवरील चिठ्ठी चुकली, तर एकाच्या शेताचा अहवाल दुसऱ्याच्या हाती पडतो व खताची मात्रा चुकते. एका गावात एकाच नावाचे दोन शेतकरी असणे नवलाचे नाही. म्हणून नावासोबत गट क्रमांक अवश्य असावा.

अनेक चिठ्ठ्या हाताने लिहिण्याऐवजी संगणकावरील ‘मेल मर्ज’ या सोयीचा उपयोग करावा. प्रथम एक्सेलमध्ये तक्ता तयार करावा. पहिल्या ओळीत नाव, गाव, गट क्रमांक, तारीख व पुढील पीक हे मथळे द्यावेत; खाली प्रत्येक नमुन्यास एक ओळ द्यावी. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. गट क्रमांकाचा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून घ्यावा. अन्यथा इंग्रजी अंकांत टंकलेला ५/२ हा गट संगणक तारीख समजतो.

नंतर वर्डमधील ‘मेलिंग्ज’मध्ये ‘लेबल्स’ निवडून तक्ता जोडावा. पहिल्या चौकटीत मथळे घालून ‘अपडेट लेबल्स’ दाबावे. हे विसरल्यास बाकीच्या चौकटी कोऱ्या राहतात. छापण्यापूर्वी सर्व नोंदी सातबाऱ्याशी ताडून पाहाव्यात.

चिठ्ठ्यांच्या दोन प्रती काढाव्यात. माती सावलीत वाळवून सुमारे अर्धा किलो पिशवीत भरावी. ओल्या मातीने शाई पसरते. एक चिठ्ठी आत ठेवावी, दुसरी बाहेर बांधावी. आणि हे काम शेतकऱ्यासमक्ष, नाव वाचून दाखवूनच करावे.